आपट्याची फांदी : तांबे ज्योतीने रंगवण्याच्या कामाच्या नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

कामाचा आराखडा आज पक्का केला. बैठकीच्या भिंतीसाठी तांब्याची आपट्याची फांदी करायची आहे. पाने पत्र्याची, फांदी जाड तारेची, आणि रंग बाहेरून काहीही न लावता केवळ गॅसच्या ज्योतीने तांब्यावर उमटवलेला, एवढी एकच अट स्वतःला घालून घेतली आहे. आपटा निवडला तो त्याच्या पानाच्या आकारासाठी. मध्यशिरेवर जोडलेली दोन दले, टोकाला खोल खाच आणि देठापासून पंख्यासारख्या पसरत गेलेल्या शिरा, असा आकार पत्र्यात उतरवायला सोपा आणि उष्णता कशी पसरते ते पाहायला फारच सोयीचा आहे. खऱ्या आपट्याचे पान जेमतेम तीन-चार सेंटीमीटर रुंद असते. मी नऊ सेंटीमीटर धरले आहे, म्हणजे मापाने ते कांचनाकडे झुकते. दसऱ्याच्या बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास खपतात, तेव्हा या चालूपणात मला सोबत पुष्कळ आहे.

पत्रा दोन जाडींचा आणला, २२ गेज आणि २६ गेज. पहिला सुमारे ०.७ मिलिमीटर आणि दुसरा ०.४५ मिलिमीटरच्या आसपास भरतो. तांबे वजनावर विकले जात असल्यामुळे हा फरक थेट खिशाला जाणवतो, कारण एक चौरस फूट पत्रा २२ गेजमध्ये जवळजवळ सहाशे ग्रॅम आणि २६ गेजमध्ये पावणेचारशे-चारशे ग्रॅम भरतो. दोन्ही आणण्याचे कारण मात्र वेगळे आहे. रंग येण्याचा वेग पत्र्यात किती धातू आहे यावर अवलंबून असणार, आणि कोणत्या जाडीवर हात बसतो ते आधी पट्ट्यांवर पाहिल्याशिवाय पाने कापण्यात अर्थ नाही.

१२ जुलै, शनिवार

आज पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत सकाळ घालवली. आता बरीच भांडी यंत्रावर आकार घेऊन येतात आणि इथे हाताने मठारली, म्हणजे हातोडीने ठोकून घेतली जातात. तरी हातोडीचा ठोका कसा पडतो, किती अंतरावर पडतो आणि भांडे प्रत्येक ठोक्यागणिक किती सरकते, हे पाहण्यासाठी यासारखी दुसरी जागा नाही. मठारल्याने भांड्यावर ते चकाकते ठसे उठतात एवढेच नाही. ठोक्यांनी तांबे कडक होते, आणि म्हणूनच पातळ पत्र्याचा हंडा पाण्याने भरला तरी त्याला पोचे येत नाहीत.

कडक झालेले तांबे पुन्हा वळवायचे असेल तर ते तापवून नरम करावे लागते. ज्यांच्याकडे बसलो होतो त्या कारागिरांना मी विचारले की, नेमके किती तापवायचे. ते म्हणाले, "अहो, अंधारात बघा. उजेडात लाल दिसला म्हणजे उशीर झाला." यात सगळे आले. तांब्याचा मंद लाल रंग सुमारे सहाशे अंश सेल्सिअसच्या पुढे दिसू लागतो, पण दुपारच्या उन्हात तो डोळ्याला कळतच नाही. कळेपर्यंत पत्रा बराच पुढे गेलेला असतो, त्याचे कण मोठे होतात आणि नंतर वाकवताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत उठतो. पोलादाच्या उलट, तांबे लाल असताना पाण्यात बुडवले तर कडक होत नाही. त्यामुळे थांबून राहण्याची गरज नसते आणि लगेच हाताळता येते.

पाण्यात टाकल्यावरचा प्रकार जवळून पाहिला. तापलेल्या पत्र्यावर दोन थर असतात, वर काळा क्युप्रिक ऑक्साइड आणि त्याखाली लालसर क्युप्रस ऑक्साइड. पाण्याचा स्पर्श होताच काळा थर तडतडत पापुद्र्यांनी उडतो, बादलीच्या तळाशी कोळशाच्या चुऱ्यासारखा बसतो, आणि पत्रा जागोजागी विटकरी-गुलाबी दिसू लागतो. हे पापुद्रे वर उडतात, म्हणून चष्मा लावूनच उभे राहायचे. मला ज्या रंगांचे काम करायचे आहे ते याच लाल ऑक्साइडच्या, पण कित्येक पट पातळ थराचे आहेत. म्हणजे नरम करणे आणि रंगवणे ही दोन्ही कामे गॅसची ज्योत फेकणाऱ्या टॉर्चचीच असली, तरी पहिल्यात ऑक्साइड हा उपद्रव आहे आणि दुसऱ्यात तोच माल आहे.

१३ जुलै, रविवार

गच्चीवरच्या शेडमध्ये जागा लावली. खाली भट्टीच्या विटा रचल्या. शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर थेट ज्योत मारायची नाही, कारण आत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन त्याचा टवका उडू शकतो. पकडी आणि चिमटे तपासून जस्ताचा मुलामा असलेले सगळे बाजूला काढले, कारण जस्त तापून निघणारा पांढरा धूर श्वासात गेला तर थंडी-ताप भरतो. ब्युटेनच्या डब्यावर बसणारा साधा टॉर्च छोट्या कामाला आणि एलपीजीचा मोठा नरम करायला, अशी वाटणी केली. ब्युटेनचा डबा सतत चालवला की आतला द्रव उडताना स्वतःच गार पडतो, दाब उतरतो आणि ज्योत मलूल होते. म्हणून दोन डबे आलटून पालटून वापरायचे. डबा उलटा धरला तर द्रवरूप गॅस बाहेर येऊन ज्योत एकदम भडकते, हेही भिंतीवर लिहून ठेवले आहे.

२० जुलै, रविवार

आजचा दिवस पूर्णपणे साफसफाईच्या चाचण्यांचा होता, आणि टॉर्चपेक्षा हाच भाग निर्णायक आहे असे माझे मत बनत चालले आहे.

एकाच पत्र्याच्या पट्ट्या कापून त्या वेगवेगळ्या रीतीने साफ केल्या आणि मग सारख्याच तापवल्या. पहिली पट्टी चिंच आणि मिठाने घासून नुसती पाण्याखाली धरली. तिची झळाळी सर्वांत सुंदर होती, गुलाबी आणि जिवंत. चिंचेतले टार्टरिक आम्ल ऑक्साइड विरघळवते आणि मीठ त्याला मदत करते, हे घरोघरी देवांची भांडी घासणाऱ्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक आहे. पण ही पट्टी ज्योतीखाली धरताच कडेला हिरवी ज्योत लवलवली. पत्र्यावर उरलेल्या मिठामुळे तांब्याचे क्लोराइड तयार होते आणि ते ज्योतीला असा निळसर हिरवा रंग देते. डोळ्याला तो फार मोहक वाटतो, परंतु तो दिसला की पृष्ठभाग अस्वच्छ आहे असे समजावे. थंड झाल्यावर त्या पट्टीवर ठिपक्याठिपक्यांचा, कुठे तपकिरी तर कुठे राखाडी असा रंग उरला.

दुसरी पट्टी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या पावडरीने घासली. तिच्या रेघांमध्ये बारीक भुकटी अडकून राहिली आणि रंगात धुरकट पट्टे आले. तिसरी लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात, लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅमच्या हिशेबाने, ठेवली. मग हिरव्या घासणीने एकाच दिशेने घासली, भांड्याच्या साबणाने धुतली, शेवटी भरपूर साध्या पाण्याने खळखळून काढली. हिच्यावर रंग सलग आला. चौथी अगदी तिसरीसारखीच, फक्त मुद्दाम मधोमध अंगठा दाबून. तापवल्यावर अंगठ्याच्या रेषान् रेषा निळ्या-तपकिरी रंगात उमटल्या, इतक्या स्पष्ट की नोंदणी कार्यालयात चालाव्यात.

पत्रा स्वच्छ झाला की नाही हे ओळखण्याची खूण साधी आहे. पाणी ओतल्यावर ते सलग पडद्यासारखे ओघळले पाहिजे. थेंब-थेंब होऊन फुटले तर तेलकटपणा शिल्लक आहे. आता यापुढे पाण्याचा पडदा धरला नाही तर टॉर्च पेटवायचाच नाही, आणि पत्रा कडेलाच, सुती हातमोज्यांनी धरायचा.

आरशासारखे पॉलिश की घासणीची मंद चमक, या प्रश्नाचाही निकाल लागला. आरशावर रंग गडद आणि खोल दिसतात पण एका विशिष्ट कोनातूनच. समोर खिडकी असेल तर नुसती खिडकीच दिसते. भिंतीवरच्या कामाला मंद चमकच बरी.

२७ जुलै, रविवार

रंगांचा क्रम आज नीट लिहून काढला. २२ गेजची लांब पट्टी एका टोकाला खालून तापवत गेलो की सगळे रंग एकाच वेळी एकामागून एक मांडलेले दिसतात. आधी तांब्याची गुलाबी झाक जाऊन बदामी तपकिरी छटा येते, ती नारिंगीवरून तांबूस होते, मग वांगी जांभळा, मग गडद निळा. यानंतर रंग फिकट पडतो, रुपेरी हिरवट होतो आणि नवख्याला वाटते की काम बिघडले; पण थांबले नाही तर त्यातूनच पितळी पिवळा, जुन्या सोन्याचा आणि पुन्हा एक गुलाबी-लाल असा दुसरा फेरा सुरू होतो. त्यापुढे हिरवट, मग मातकट राखाडी, आणि शेवटी काळा. काळ्यातून परत मागे येता येत नाही. पट्टी पुन्हा लिंबूसत्त्वात जाते.

यात कुठेही रंगद्रव्य नाही. पारदर्शक ऑक्साइडच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि खालच्या तांब्यावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना पुसतात, आणि जे उरतात ते आपल्याला दिसतात. पाण्यावर सांडलेल्या डिझेलचे रंग याच कारणाने दिसतात. अर्थात थराची जाडी हाच रंग. तपकिरी छटा साधारण ३७-३८ नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), तांबूस ४१च्या आसपास, जांभळा ४५ला आणि गडद निळा ५० नॅनोमीटरच्या जवळ येतो; पुढचा फिकट निळसर हिरवा मात्र थेट ८०च्या पलीकडे, पिवळा शंभराच्या जवळ आणि दुसऱ्या फेऱ्यातला लाल १२५च्या सुमारास.

हे आकडे मांडल्यावर हाताला जे जाणवत होते त्याचे कारण कळले. तपकिरीपासून निळ्यापर्यंतचा सगळा देखणा प्रवास अवघ्या बारा-पंधरा नॅनोमीटरांत संपतो. म्हणूनच तांबूस दिसला, आता जांभळ्यावर थांबू, असे म्हणेपर्यंत निळा होऊन जातो. उलट निळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाताना थर जवळजवळ दुप्पट व्हावा लागतो, आणि थर जसा जाड होतो तसा तो वाढण्याचा वेगही मंदावतो, कारण तांब्याच्या आयनांना आता अधिक जाड भिंतीतून वाट काढत पृष्ठभागापर्यंत यावे लागते. त्यामुळे सोनेरी रंग पकडणे जांभळ्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. जांभळ्याचे कौतुक जास्त होते ते योग्यच म्हणायचे.

ज्योतीविषयी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. ज्योतीच्या आतल्या निळ्या सुळक्याखाली पत्रा उजळ, जवळजवळ नागडा दिसतो, कारण तिथे प्राणवायू कमी असतो आणि आलेला ऑक्साइडही परत तुटू शकतो. ज्योत बाजूला सरकली की उघड्या हवेत, तिच्या मागोमाग, रंग उमटत येतो. समोरून ज्योत मारून रंग पाहत बसणाऱ्याला म्हणून नेहमी एक क्षण उशिराची बातमी मिळते. पत्र्याच्या पाठीमागून तापवले तर दर्शनी बाजूला फक्त हवा लागते आणि रंग डोळ्यांसमोर चढतो. पाने अशीच रंगवायची.

२६ गेजची पट्टी या सगळ्यात फार चंचल निघाली. तिच्यात उष्णता साठवायला धातूच कमी. ज्योत थोडी डगमगली तरी रंगाचा डाग पडतो. पाने २२ गेजचीच करायची.

३ ऑगस्ट, रविवार

पाऊस. ज्योतीऐवजी ओटीजीत पट्ट्या ठेवून पाहिल्या. काटा २५० अंशांवर. इतक्या कमी तापमानालाही काही मिनिटांत नारिंगी, मग जांभळा येतो, आणि तो इतका एकसारखा येतो की छापल्यासारखा वाटतो. टॉर्चखाली हाच रंग काही सेकंदांत, अधिक तापमानाला येतो. म्हणजे रंग हा तापमापक नव्हे. तापमान आणि वेळ यांचा तो एकत्रित हिशेब आहे, आणि कमी तापमानात जास्त वेळ दिला तर थांबण्याची संधी मिळते. सपाट एकरंगी तुकड्यांसाठी ओव्हनच उत्तम. पण पानाच्या टोकाला निळा आणि देठाशी नारिंगी हवा असेल तर ओव्हनचा काही उपयोग नाही, कारण तो सगळीकडे सारखाच असतो. मला हवी आहे ती असमानता, आणि ती ज्योतीशिवाय मिळत नाही. (ओटीजी यापुढे केकसाठी वापरावा की नाही यावर घरात मतभेद आहेत.)

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टीचा फायदा घेऊन सगळी पाने कापली. कागदी साचा, कातर, मग कानस. कडेची कूस, म्हणजे कापताना उठलेली धारदार किनार, राहू दिली नाही. ती हाताला लागतेच, शिवाय कुशीत धातू नगण्य असल्यामुळे तिथे रंग सर्वांत आधी काळा पडतो आणि पानाभोवती काजळाची रेघ उमटते.

शिरांसाठी पत्रा नरम करून घेतला आणि लाकडी ओंडक्यावर, रबराचा जाड तुकडा मधे ठेवून, बोथट छिन्नीने पाठीमागून ओढल्या. मध्यशीर सर्वांत उंच, बाकीच्या देठाकडून कडेकडे उतरत गेलेल्या. एका पानाचे दल मग लोखंडी गोळ्यावर हलके मठारून पाहिले. ठशांमुळे पान कडक झाले, जरा पन्हाळीसारखे वळले आणि प्रत्येक ठशातून उजेड वेगळ्या दिशेने परतू लागला. इथे एक चांगली गोष्ट लक्षात आली. क्युप्रस ऑक्साइडचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, पुष्कळ जास्त, अडीचच्याही वर, असल्यामुळे पान तिरके करून पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. बदलते ती उजळता. मठारलेल्या पानावर त्यामुळे एकच जांभळा कुठे उजळ, कुठे गडद असा खेळतो, पण तो विस्कटून निळा-हिरवा होत नाही. सपाट पानापेक्षा हे उघडच सरस आहे. सर्व पाने मठारायची ठरवली.

मठारकाम रंगाच्या आधी व्हायला हवे, हे सांगायला नको; रंगाचा थर पन्नास नॅनोमीटरचा, त्यावर हातोडी कुठून चालणार. रंगवताना तांबे थोडेफार नरम पडेल, कारण मठारून कडक झालेले तांबे दोन-अडीचशे अंशांच्या पुढे हळूहळू सैल होऊ लागते. तरी काही सेकंदांच्या कामात भिंतीवर लटकायला पुरेल इतका ताठपणा राहतो.

२४ ऑगस्ट, रविवार

आज पाने रंगवली. उजेड ढगाळ, सगळीकडे सारखा पसरलेला. रंग पाहायला याहून चांगला नाही. नरम करायला अंधार लागतो आणि रंगवायला उजेड, त्यामुळे शेडचा एक पडदा सतत वर-खाली चालू होता.

आधी कुठलाही आधार न लावता एक पान देठाच्या वर, मधोमध, पाठीमागून तापवले. ज्योतीच्या जागी पिवळा, त्याभोवती रुपेरी, मग निळे, जांभळे, तांबूस अशी कडी बाहेर सरकत गेली. मधल्या भागात ही कडी गोल होती. पण दलांच्या कडेशी पोहोचल्यावर उष्णतेला पुढे जायला धातूच उरत नाही, ती तिथेच तुंबते, आणि रंगाच्या रेषा कडेला समांतर वळतात. खाचेच्या दोन्ही बाजूंची टोके तर कडेच्या बाकी भागाआधी निळी झाली, जरी ती ज्योतीपासून सर्वांत लांब होती. हे पाहिल्यावर रंगवण्याचा सगळा विचार बदलला. ज्योत कुठे धरायची यापेक्षा उष्णता कुठून निघून जाणार आणि कुठे अडकणार, हे आधी ठरवायला हवे. आकार कापताना आणि शिरा ओढताना रंगाचा निम्मा आराखडा ठरून गेलेला असतो.

त्यानुसार पुढच्या पानांना मध्यशिरेवर दोन पोलादी पट्ट्या दोन्ही बाजूंनी आवळल्या, शिरेचा उठाव बसेल अशी खोबण कानसून. पोलाद तांब्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेते, पण पट्ट्या जाड आणि थंड असल्यामुळे शिरेजवळची उष्णता शोषून घेतात. मग प्रत्येक दल वेगळे, त्याच्या मध्यापासून कडेकडे ज्योत फिरवत तापवले. परिणाम मनासारखा आला. मध्यशीर मूळ तांब्याची गुलाबी राहिली, तिच्या लगत बदामी, मग नारिंगी, दलाच्या पोटात जांभळा आणि कडेला निळ्याची किनार. दोन दलांमधली रेघ जणू आखलेली.

ज्योत उचलण्याची वेळ हा दुसरा मुद्दा. २२ गेजमध्ये इतकी उष्णता साठलेली असते की ज्योत काढल्यावरही रंग पुढे चालत राहतो. तांबूस दिसताच ज्योत दूर केली तर तो स्वतःच जांभळ्यावर येऊन थांबतो. जांभळा दिसेपर्यंत थांबले तर निळा. जिथल्या तिथे थांबवायचे असेल तर पान ऐरणीच्या थंड पृष्ठभागावर पालथे ठेवायचे. पाण्यात बुडवूनही थांबते, पण बुडवताना उडालेला एखादा थेंब आधी पोहोचला की त्याचा गोल डाग कायमचा राहतो, म्हणून बुडवायचे तर एका झटक्यात, कडेवरून.

सगळी पाने एकसारखी केली नाहीत. फांदीच्या टोकाची कोवळी पाने नारिंगीवरच थांबवली, मधली जांभळी-निळी, आणि बुडाची दोन जून पाने दुसऱ्या फेऱ्यापर्यंत नेऊन जुन्या सोन्याची केली. त्या दोनपैकी एकाच्या कडेवर हिरवट झाक आली आहे, ती ठेवतो.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीचे दिवस. पेठांतले रस्ते बंद, घरी पाहुणे. रंगवलेली पाने बटर पेपरात गुंडाळून कपाटात. ऊदबत्तीच्या आणि कापराच्या धुरापासून लांब ठेवली एवढेच आजचे काम.

७ सप्टेंबर, रविवार

आपट्याला चपट्या शेंगा धरतात. फांदीवर त्यातल्या दोन-तीन हव्यात आणि त्या पानांपेक्षा निराळ्या, भरीव लाल दिसाव्यात, असे वाटले. हा लाल पातळ थराचा नव्हे. शेंगेचा तुकडा चांगला केशरी-लाल होईपर्यंत तापवायचा आणि लगेच उकळत्या पाण्यात टाकायचा. वरचा काळा थर झडतो आणि खाली क्युप्रस ऑक्साइडचा जाड, स्वतःच्या अंगचा लाल रंग उरतो. सगळीकडे सारखा झडत नाही. काही ठिकाणी काळे ठिपके चिकटून राहिले, पण वाळक्या शेंगेवर ते शोभतात, त्यामुळे ते खरवडले नाहीत.

एक सावधगिरी. विजेच्या कामाच्या तांब्यात अल्पसा प्राणवायू ऑक्साइडच्या रूपात असतो. ते फार वेळ, अपुऱ्या हवेच्या ज्योतीत, लाल तापवले तर ज्योतीतला हायड्रोजन आत शिरतो, त्या ऑक्साइडशी संयोग होऊन वाफ होते आणि कणांच्या सीमांवर चिरा पडतात. अशा तुकड्याला हवेचे भोक पूर्ण उघडे ठेवूनच तापवायचे आणि घुटमळायचे नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

फांदीसाठी ८ गेजची अर्थिंगची तांब्याची तार घेतली. विजेच्या सामानाच्या दुकानात ती सहज मिळते आणि चार मिलिमीटर जाड असल्यामुळे डोळ्याला काडीसारखी भरते. फाटे जोडायला एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांची फॉस्फरस-तांब्याची कांडी वापरली. तांब्यावर तांबे जोडताना तिला वेगळा फ्लक्स (जोडाची जागा स्वच्छ ठेवणारा पदार्थ) लागत नाही, फॉस्फरसच ते काम करतो. कांडी वितळायला सातशे अंशांच्या वर जावे लागते, म्हणून फांदीचा हा भाग आधी पूर्ण केला आणि मग ती साफ करून एकसलग तपकिरी केली.

पाने मात्र फांदीला डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने, जोडायची नाहीत. सातशे अंशांत पानांचे रंग टिकणार नाहीत हे उघड आहे, आणि उलट क्रमाने, म्हणजे आधी जोडून नंतर रंगवायचे म्हटले, तर जाड तार पानाची उष्णता ओढून घेईल व देठाजवळ काहीच उमटणार नाही. शिशा-कथलाचा डाग दोनशे अंशांच्या अलीकडे-पलीकडेच वितळतो, त्यामुळे तोही रंगवताना सुटेल. रिव्हेट हाच मार्ग. तारेची टोके ठोकून चपटी केली, भोके पाडली आणि पाने तांब्याच्या बारीक रिव्हेटने बसवली. शेवटचे ठोके पानावर कागदाची चकती ठेवून मारले. रिव्हेटची उघडी गुलाबी टोपी देठाच्या गाठीसारखी दिसते. ती रंगवून लपवावी असे वाटले नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

रंग टिकवण्याच्या लेपाची चाचणी. पट्ट्यांचे तीन भाग केले : एक उघडा, एकावर ॲक्रिलिक लॅकरचा फवारा, एकावर मऊ कापडाने चोळलेले मेण. लॅकरखाली निळा आणि जांभळा ताबडतोब मंदावले, जवळजवळ तपकिरीकडे झुकले. दुसऱ्या फेऱ्यातला सोनेरी त्यामानाने तगला. याचेही कारण थरातच आहे. उघड्या ऑक्साइडच्या वर हवा असते आणि दोघांच्या अपवर्तनांकात मोठी तफावत असते, त्यामुळे वरून परतणारा किरण जोरकस असतो. वर लॅकर आले की तफावत घटते, तो किरण दुबळा होतो आणि रंगाची धार जाते. मेणानेही थोडी धार गेली, पण चोळून काढल्यावर फारच पातळ थर उरत असल्याने ती कमी गेली.

घरात, हाताला न लागणाऱ्या उंचीवर राहणाऱ्या कामाला मेण पुरे. लॅकरचा टिकाऊपणा मला मान्य आहे, पण ज्या रंगासाठी एवढा खटाटोप केला तोच झाकून टिकवण्यात मला रस नाही. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत लावायचे असते तर निर्णय वेगळा घेतला असता आणि पाने सोनेरीच केली असती.

मेण लावण्याआधी उंच शिरा बारीक घासणीने हलक्या हाताने उजळल्या. रंग फक्त उठावावरून निघतो, शिरा गुलाबी तांब्याच्या चमकतात आणि पान वाचता येते. वर्षभरात त्या तपकिरी पडतील. तेव्हा पुन्हा उजळायच्या की तशाच ठेवायच्या हे तेव्हा पाहू.

२८ सप्टेंबर, रविवार

फांदी जुन्या वाड्याच्या सागवानी फळीवर बसवली. फळीला रंधा मारून फक्त तेल दिले, पॉलिश नाही. चकचकीत लाकूड आणि चकचकीत तांबे एकमेकांशी भांडतात. पाने फळीपासून बोटभर पुढे राहतील असे पितळी खुंट घातले, म्हणजे मागे हवा खेळेल, ओल धरणार नाही आणि पानांची सावलीही फळीवर पडेल. ट्यूबलाइटखाली निळी पाने पांढुरकी दिसतात, पिवळ्या दिव्याखाली जांभळी पाने तपकिरी. बाजूच्या खिडकीतून सकाळी दहाच्या सुमारास येणारा उजेडच त्यांना मानवतो. फळी त्या खिडकीशी काटकोनात असलेल्या भिंतीवर, दोन खिळ्यांवर टांगली आहे. स्वयंपाकघराच्या दारापासून ती लांब आहे. फोडणीचा तेलकट वाफारा रंगांवर बसला तर तो पुसण्याच्या नादात शिरांवरचे मेणही जाईल. धूळ फक्त मऊ ब्रशने झाडायची, ओले फडके लावायचे नाही, अशी चिठ्ठी फळीच्या मागे चिकटवली आहे.